आहेबाईंचं दुकान

त्या बाजारात आहेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पोस्टमनसुद्धा ‘आहेबाई, कोपऱ्यावरचं दुकान’ एवढ्या पत्त्यावरचं पाकीट बिनचूक आणून द्यायचा. पायरीवर पाय ठेवून कुणी काहीही मागितलं, की आतून एकच उत्तर यायचं, ‘‘आहे. बसा.’’ बादली आहे का? आहे, बसा. छत्रीची मूठ? आहे, बसा. नळाचा वायसर, हरवलेल्या किल्लीची जोडीदार, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक? आहे, बसा, पाणी घ्या.

आता एवढं सगळं त्या हातभर दुकानात असणं शक्य नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सगळी मेख मागच्या दारात होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसून पाणी प्यायला लागलं, की बाई मागच्या बोळात उतरायच्या. हार्डवेअरवाल्याकडे, नाहीतर काचवाल्याकडे, नाहीतर थेट भंगाराच्या ढिगात शिरून हवी ती वस्तू घेऊन यायच्या. मग जणू आत्ताच माळ्यावरून काढली अशा थाटात ती फडक्याने पुसून गिऱ्हाइकापुढे ठेवायच्या. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. बाईंना लागलेली धाप दिसू नये म्हणून लोक मुद्दाम रस्त्याकडे बघत बसायचे.

एकदा एका टवाळ माणसाने चारचौघांत विचारलं, ‘‘काय हो, मांजरासाठी शिडी आहे का?’’ बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘‘आहे. मांजर केवढं?’’ त्याने हाताने माप दाखवलं आणि हसत निघून गेला. पुढच्या आठवड्यात सुताराकडून करून घेतलेली छोटीशी शिडी त्याच्या दारात पोचली. त्याच्याकडे मांजर नव्हतंच. पण शिडी घ्यावी लागली, आणि लोक सांगतात, ती फुकट जाऊ नये म्हणून त्याने पुढे मांजर पाळलं.

दुकानात ‘नाही’ म्हणायचं नाही, हा नेम बाईंच्या वडिलांचा. ‘‘‘नाही’ ऐकून गेलेला माणूस दुसऱ्यांदा विचारायलासुद्धा येत नाही,’’ असं ते म्हणायचे. आई आधीच गेली होती. मग वडीलही गेले, तेव्हा बाई विशीच्या आत होत्या आणि धाकटी बहीण पाटी-दप्तराच्या वयाची. बाई गल्ल्यावर बसल्या त्या तिथेच राहिल्या. लग्नाची स्थळं पायरीपर्यंत आली आणि पाणी पिऊन परत गेली. ‘‘तेवढी एकच वस्तू मला आणता आली नाही,’’ असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि सगळ्यांच्या आधी हसायच्या.

धाकटी मात्र त्यांनी तळहाताच्या फोडासारखी वाढवली. तिला पहिल्यांदा गल्ल्यावर बसवलं, त्या दिवशी कुणीतरी कंदिलाची काच मागायला आलं. पोर चटकन ‘नाही’ म्हणाली आणि माणूस वळला. ताई आतून धावत आली, त्याला परत बोलावून बसवलं, काच आणून दिली, आणि तो गेल्यावर धाकटीला समोर उभं केलं. ‘‘म्हण, आहे, बसा.’’ धाकटी म्हणाली. ‘‘पुन्हा म्हण.’’ पुन्हा म्हणाली. मग तिने मान वर करून विचारलं, ‘‘ताई, बरोबर म्हटलं ना?’’ बाईंनी बरणी उघडून एक आंबटगोड गोळी तिच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून ती रीतच झाली. शाळेतली कविता असो की पाहुण्यांपुढे केलेला नमस्कार असो, काम झालं की धाकटी मागे वळून विचारायची, बरोबर म्हटलं ना? आणि बरणीचं झाकण उघडायचं.

पुढे धाकटीला एका गोष्टीचा नाद लागला. दुकानाच्या मागच्या खिडकीपाशी टेबल टाकून ती बॅगांच्या चेनी दुरुस्त करायला लागली. चेनीवरून वरखाली धावतो त्या छोट्या तुकड्याला रनर म्हणतात. चेन उघडी पडली की लोक अख्खी बॅग टाकून द्यायला निघतात. खरं तर दुखणं बहुतेक वेळा रनरचं असतं, दातांचं नसतं. धाकटी पक्कड घेऊन रनरच्या कडा जराशा दाबायची आणि चेन पुन्हा सुतासारखी सरळ बंद व्हायची. तिचं लग्न झालं, नवरा बसड्रायव्हर मिळाला, आणि तो दुकानावरच्या खोल्यांत राहायलाच आला. त्याला सगळे घरजावई म्हणून चिडवायचे. तो चिडवून घ्यायचा, कारण वरच्या खिडकीत सकाळचं ऊन फार चांगलं यायचं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग चौकात एक मोठं काचेच्या दारांचं दुकान उघडलं आणि लोक आहेबाईंची पायरी विसरायला लागले. त्यातच बाईंच्या गुडघ्यांनीही संप पुकारला. बोळात उतरायला पूर्वीसारखं जमेना. दुपारच्या दुपार स्टूल रिकामं राहायचं. धाकटी आणि तिचा नवरा वर बसून हलक्या आवाजात बोलायचे, की हे असंच राहिलं तर एक दिवस शटर ओढून घ्यावं लागेल. आणि शटर ओढल्यावर ताईने सकाळी उठून जायचं कुठे, इथे आलं की धाकटी उठून दिवा मालवायची.

धाकटीच्या नवऱ्याचा एक मावसभाऊ होता. धाकटी त्याला भावजी म्हणायची. तो एका ऑफिसात लोकांच्या वेबसाइट बनवायचा आणि रविवारी जेवायला यायचा. दुकान इंटरनेटवर न्यायचं ठरलं तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘ताई, एखाद्याच मालाचं करू या का? एकच वस्तू, पण तिच्यातलं सगळं.’’

‘‘एकच कशाला?’’ बाई म्हणाल्या. ‘‘चेन एकदा बसवली की माणूस वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाही. चेनीला आलेला माणूस जाताना दोरी घेतो, दोरीला आलेला कुलूप घेतो. दुकान असंच चालतं.’’

त्यांचं चुकत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं. भावजीने मान हलवली आणि बाईंनी सांगितलं तसं केलं. वेबसाइटचं नावही बाईंनीच ठेवलं, ‘सगळं आहे’.

पण तिथे बाईंनी एक घोळ घातला, आणि तो त्याच घालू जाणोत. कुणी वेबसाइटवर येऊन विचारलं की अमुक आहे का, की त्या एका बोटाने ‘आहे. बसा.’ असं उत्तर लिहायच्या आणि लगेच त्या वस्तूचं एक नवं पान उघडायच्या. इथपर्यंत एकवेळ ठीक होतं. पण मग त्यांना वाटलं, विचारायला आलेल्या माणसाला थांबावं तरी का लागावं? म्हणून कुणी न विचारलेल्या वस्तूंचीही पानं त्यांनी आधीच उघडून ठेवली. पंख्याची पाती आहेत, चौकशी करा. बाहुलीचे डोळे आहेत, चौकशी करा. मांजराची शिडी आहे, चौकशी करा. घरात वस्तू नाही, फोटो नाही, माहिती नाही, नुसतं ‘आहे’. दुपारच्या रिकाम्या वेळात त्या उत्साहाने हेच करत बसायच्या. धाकटीचा नवरा एकदा बोलून गेला, ‘‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’’ त्या दिवशी त्याच्या चहात साखर पडली नाही.

चौकशीला कुणी आलं नाही. एक बादली तेवढी विकली गेली. ती पोस्टातून जाताना तडकली, दुसरी पाठवली, तीही तडकली. गिऱ्हाइकाने शेवटी कळवलं, की राहू द्या, आता मी तांब्याने आंघोळ करतो.

आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एक पान मात्र रोज उघडलं जात होतं. ते पान धाकटीचं होतं. फोनवर तेच तेच सांगून तिला कंटाळा आला, म्हणून तिने एकदा सगळं लिहून टाकलं होतं. रनर उलटा करा, पाठीवर आकडा असतो, तो बघा. दात धातूचे आहेत, प्लॅस्टिकचे आहेत की दोऱ्यासारखी वेटोळी आहेत, ते बघा. आधी पकडीने दाबून बघा, कदाचित नवा घ्यावाच लागणार नाही. सोबत तिने स्वतःच्या हाताचे फोटो काढून टाकले होते, नखाखालच्या काळ्या ग्रीससकट.

एका रविवारी जेवण झाल्यावर भावजीने तिला जिन्यात गाठलं. बाई खाली गल्ल्यावर होत्या.

‘‘वहिनी, तुमचं पान सर्चमध्ये पार वर आलंय. पहिल्याच पानावर.’’

‘‘मग चांगलंच झालं की.’’

‘‘चांगलं आहे, पण टिकायचं नाही. आणि बाकीचं सगळं इतकं खाली आहे, की तिथवर कुणाचा अंगठा पोचायचा नाही. दुकानात माणूस पायरी चढून येतो, सगळं दुकान त्याच्या डोळ्यांपुढे असतं. तिथे ताईंचं शंभर टक्के खरं. पण सर्चमध्ये माणूस दुकानात येत नाही, एका वस्तूच्या पानावर येतो. ‘बादली’ असं लिहिलं की त्याच्यापुढे जगातल्या बादल्यांची रांग लागते. त्या रांगेत मोठी दुकानं आपल्याला उभंसुद्धा राहू देणार नाहीत. चेनीच्या रांगेत गर्दी कमी आहे. तिथे तुम्हाला काय कळतं ते दिसतं. पण त्या पानाच्या आजूबाजूला बाहुलीचे डोळे आणि मांजराच्या शिड्या. सर्चच्या यंत्राला कळायचं कसं, की हे दुकान नेमकं कशातलं जाणकार आहे?’’

‘‘मग करायचं काय?’’

‘‘बाकीचं काढायचं. नाहीतर चेनीची वेबसाइट वेगळी करायची. धोका आहेच, सगळं एकाच खुंटीवर टांगल्यासारखं होईल. पण आत्ता आपल्याकडे ती एकच खुंटी भिंतीत पक्की आहे.’’

धाकटी जिन्यातच बसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बाकीचं काढायचं म्हणजे ताईला सांगायचं, की तुझं ‘आहे’ आता चालत नाही. जिने आपल्यासाठी स्वतःचं सगळं मागे ठेवलं, तिला सांगायचं की तुझा माल आमच्या वाटेत येतोय. तिने त्या आठवड्यात तीनदा तोंड उघडलं. एकदा ताईने विचारलं, ‘‘काय गं, बरं नाही का?’’ आणि धाकटी म्हणाली, ‘‘काही नाही, मान अवघडली.’’ ताईने मानेला तेल लावून दिलं. त्या बोटांखाली मान घालून तिला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी जे करू नये तेच तिने केलं. ताईला न सांगता भावजीकडून वेगळी वेबसाइट करून घेतली. त्याला हे पटलं नव्हतं, पण वहिनीपुढे त्याचं चाललं नाही. नाव साधं, ‘फक्त चेन’. खाली एक ओळ, ‘इथे चेनीशिवाय दुसरं काही मिळत नाही.’ धाकटीने तिथे एकेका दुखण्याची पानं लिहिली. बुटाची चेन, तंबूची चेन, पावसाळी जाकिटाची चेन. आणि ऑर्डरी यायला लागल्या. आधी थेंब थेंब, मग बऱ्यापैकी.

ती पार्सलं पोस्टात न्यायची होती, आणि पुढच्या दारात ताई बसलेली. मग ज्या मागच्या दाराने ताई जन्मभर गिऱ्हाइकांसाठी पळाली, त्याच दाराने धाकटी आता तिच्यापासून लपून पिशवी घेऊन उतरायला लागली. बोळातला काचवाला तिला बघून नुसता मान हलवायचा. त्याला काय समजायचं ते समजलं होतं.

असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. भावजीने नव्या वेबसाइटवर फोन नंबर टाकला तो सवयीने दुकानाचाच टाकला, आणि धाकटीच्या ते लक्षात आलं नाही. एक दिवस दुपारी फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडे कुणी गिऱ्हाईक होतं, लांबच्या कुठल्या गावचं.

‘‘ते फक्त चेनीचंच दुकान ना? तुम्ही लिहिलंय बघा, चेनीशिवाय दुसरं काही मिळत नाही म्हणून. रनर आहे का?’’

‘‘आहे. बसा,’’ बाई म्हणाल्या. फोनवरही त्या ‘बसा’ म्हणायच्याच. मग त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं, फोन ठेवला, आणि स्टूल घेऊन भिंतीवर टांगलेले झाडू खाली काढायला लागल्या. एकेक झाडू पुसला. मग बादल्या पुसल्या, मग कंदील. वड्याचं तेल वांग्यावर निघतं तसा सगळा राग फडक्यावर निघत होता. मागच्या टेबलाशी धाकटीने पक्कड खाली ठेवली. तिने सगळं ऐकलं होतं.

शटर अर्धं ओढल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘कधीपासून?’’

‘‘दोन महिने झाले.’’

‘‘मागच्या दाराने?’’

‘‘हो.’’

‘‘मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?’’

‘‘रोज वाटत होतं, ताई. पण कसं सांगणार? तुला ‘नाही’ कसं म्हणायचं, तेवढं तू शिकवलंच नाहीस.’’

बाई स्टुलावर बसल्या, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. ‘‘माझा माल नको म्हणजे मीच नको की गं,’’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच धाकटीला सहन झालं नाही. ती रडली. मान अवघडली होती ते खोटं होतं, हेसुद्धा तिने सांगून टाकलं. दुकान बुडेल आणि तू अशीच रिकाम्या पायरीकडे बघत बसशील, या भीतीने केलं, म्हणाली. बाईंनी तिचं रडणं पुरतं होऊ दिलं. पाण्याचा पेला भरून पुढे केला, जसा त्या कुणाच्याही पुढे करायच्या.

मग म्हणाल्या, ‘‘दाखव तरी काय केलंयस ते.’’

धाकटीने कॉम्प्युटर लावला. बाईंनी चष्मा चढवला आणि सगळी पानं वाचून काढली, बूट, तंबू, जाकीट. मध्ये एकदा नुसतं ‘हं’ म्हणाल्या. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हात धुऊन फोटो काढायला काय झालं होतं?’’ धाकटीला जरा धीर आला. मग बाई शेवटी आल्या, जिथे लोक प्रश्न विचारायचे. एका माणसाने वडिलांच्या जुन्या तंबूच्या चेनीचा फोटो पाठवला होता. पितळेची, रुंद, जाडजूड चेन होती आणि रनर तुटलेला होता. त्याखाली धाकटीचं उत्तर होतं, ‘माफ करा, हे माप आता कुणी बनवत नाही. आमच्याकडे नाही.’

बाईंनी चष्मा काढला.

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘मीच. खरंच बनत नाही, ताई. मी घाऊकवाल्याला विचारलं.’’

‘‘झाडू काढलास, बादल्या काढल्यास, एकवेळ समजू शकते. तुझं ते सर्च का काय, त्याला माझी शिडी आवडत नसेल. पण जे तू विकायला बसलीस, त्यातच ‘नाही’ म्हणतेस? आपल्या दुकानात?’’

लपवलेल्या वेबसाइटपेक्षा बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या ह्या एका ओळीने. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधून, त्या फोटोची प्रत घेऊन त्या बाहेर पडल्या. पुढच्या दाराने. धाकटीच्या नवऱ्याच्याच बसमध्ये बसल्या आणि त्यालाही कुठे उतरणार ते सांगितलं नाही. आधी भंगारवाल्याचा बाप, जो आता काम करत नव्हता पण ज्याला सगळं आठवायचं. त्याने एका चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्याचं नाव सांगितलं, तो वारला होता. त्याच्या सुनेने एका म्हाताऱ्या तंबू शिवणाऱ्याचा पत्ता दिला. ऊन उतरायच्या सुमाराला बाई परतल्या त्या हातात बिस्किटांचा जुना डबा घेऊन. त्या म्हाताऱ्याने त्यात खिळे ठेवले होते. खिळ्यांच्या खाली, तळाशी, पितळेचे रनर होते. काळे पडलेले, पण धडधाकट.

बाईंनी एक रनर फडक्याने पुसला आणि टेबलावर ठेवला, माळ्यावरून काढल्यासारखा. मग धाकटीला बाजूला सारून, एका बोटाने स्वतः उत्तर लिहिलं, ‘आहे. बसा.’

तो माणूस बसला की नाही, देव जाणे. पण रनर मिळाल्यावर त्याने तंबूवाल्या लोकांच्या इंटरनेटवरच्या एका मोठ्या गटात सगळी हकीकत लिहिली आणि खाली ‘फक्त चेन’चा पत्ता दिला. तिथून जुन्या वस्तू जपणाऱ्यांच्या गटात ती गेली. रविवारी भावजी आला तो आनंदाने घास गिळायचंही विसरला. ‘‘ताई, दुसऱ्यांनी आपणहून आपला पत्ता दिला की सर्चमध्ये आपलं वजन वाढतं. लोक ह्यासाठी धडपडतात आणि तरी मिळत नाही.’’

‘‘मी काय निराळं केलं? जन्मभर तेच करत आले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘फक्त बोळ लांबला.’’

आणि खरंच तसं झालं. कुठून कुठून मोडक्या रनरांचे फोटो यायला लागले, बंद पडलेल्या कारखान्यांचे, कुणी नाव न ऐकलेल्या मापांचे. जे चालू मापाचं ते धाकटी बघायची. जे मिळत नाही ते ताईकडे. बाई फोन लावायच्या, पत्रं टाकायच्या, म्हाताऱ्या शिंप्यांना आणि चांभारांना बोलतं करायच्या. सगळंच सापडायचं असं नाही. कधी कधी महिना जायचा. पण ‘शोधतेय, बसा’ एवढं उत्तर जायचंच.

‘सगळं आहे’चा विषय मात्र कुणी काढला नाही. धाकटीची हिंमत नव्हती आणि भावजीने कानाला खडा लावला होता. एके दिवशी बाईंनीच त्याला फोन केला. ‘‘ते दुसरं बंद करायचं असेल तर कसं करतात?’’ तो म्हणाला, एक बटण दाबलं की सगळं जाईल. बाई म्हणाल्या, ‘‘एका बटणाने नको. मी एकेक घातलंय, एकेकच काढीन.’’ दोन-तीन दुपारी त्या तेच करत बसल्या. लंबक गेला, कंदिलाच्या काचा गेल्या, बाहुलीचे डोळे गेले. मांजराच्या शिडीपाशी बोट थांबलं. धाकटी मागून बघत होती. तिला वाटलं, म्हणावं राहू दे ती एक. पण ती बोलायच्या आत शिडीही गेली.

दुकान पुढून जसंच्या तसं राहिलं. वरून बादल्या टांगलेल्या, भिंतीवर झाडू, गल्ल्याशेजारी गोळ्यांची बरणी. जो कुणी पायरी चढायचा त्याला काहीही मागायची मुभा होती आणि बोळातला काचवाला अजूनही अचानक बाईंना समोर बघून दचकायचा. फोनवर आणि वेबसाइटवर मात्र फक्त चेन. असं दोघींचं ठरलं होतं. ठरवणं सोपं होतं, कारण अजून कुणी दुसरं काही मागितलं नव्हतं.

मग एका दुपारी फोन वाजला. धाकटी टेबलाशी एका शाळेच्या दप्तराचे दात साफ करत होती. बाईंनी फोन उचलला. पलीकडून कुणी विचारत होतं, ‘‘तुमच्या आधीच्या वेबसाइटवर झाकणाची मोठी बादली बघितली होती. ती आहे का?’’

बाईंनी वर बघितलं. झाकणाची मोठी निळी बादली त्यांच्या बरोब्बर डोक्यावर टांगलेली होती, हात उंचावला असता तर लागली असती. त्यांचं तोंड उघडलं, ‘आ’ म्हणायच्या बेतात आलं, आणि तसंच राहिलं. धाकटीच्या हातातला ब्रश थांबला. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘‘हॅलो? आहात ना?’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी आहे. बादली नाही. बादल्या आम्ही पाठवत नाही, वाटेत तडकतात. तुमच्या गावातच घ्या, हातात धरून, वाजवून घ्या. चेन बिघडली तर इकडे फोन करा. कुठलीही असू द्या.’’

फोन ठेवला तरी त्यांचा हात त्याच्यावरच होता. जन्मात पहिल्यांदा दुकानात बसून त्या ‘नाही’ म्हणाल्या होत्या, आणि तेही डोक्यावर बादली असताना. त्यांनी हळूच मान वळवून मागच्या टेबलाकडे पाहिलं.

‘‘बरोबर म्हटलं ना गं?’’

धाकटी उठली, गल्ल्याशी आली, बरणीचं झाकण फिरवून एक आंबटगोड गोळी काढली आणि ताईच्या हातावर ठेवली. बाईंनी गोळीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि ती तोंडात टाकली. तेवढ्यात पायरीवर कुणाचा तरी पाय पडला. काय हवंय ते त्याने अजून सांगितलंही नव्हतं.

‘‘आहे,’’ गोळी गालात सरकवत बाई म्हणाल्या. ‘‘बसा.’’